काळ्या मातीचा व्हायवा

मी पहिल्यांदा व्हायव्याला गेलो तो कचोरीसाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे पुढे विद्यापीठातले लोक मला मोठा ज्ञानी माणूस समजायला लागले आणि मीही त्यांना समजू दिलं.

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून मी नुकताच रिटायर झालो होतो. सगळी नोकरी नट, बोल्ट, वॉशर आणि बेअरिंगच्या सहवासात गेली. घरी बसल्यावर मी स्वयंपाकघरातले डबे साइझप्रमाणे लावायला घेतले, आणि ऐन फोडणीच्या वेळी हळद सापडेना तेव्हा बायकोने हात जोडले. म्हणाली, कुठेही जा, पण दिवसभर घराबाहेर राहा. त्याच आठवड्यात सुनेने विचारलं, "बाबा, माझ्या फ्रेंडचा व्हायवा आहे. हॉलमध्ये माणसं पाहिजेत, नाहीतर खाली-खाली दिसतं. येता का? नाश्ता पण आहे."

सून तेव्हा पीएचडी करत होती. मुलगा नोकरीसाठी पुण्याला आणि ती संशोधनासाठी आमच्याजवळ इंदूरला, असा त्या दोघांचा संसार चालला होता. दर दिवाळीला दोघं म्हणायची, आता एकच वर्ष. आम्हीही मान डोलवायचो.

खुला व्हायवा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एखादा मुलगा किंवा मुलगी कित्येक वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागते, जाडजूड प्रबंध लिहिते आणि शेवटी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकासमोर उभी राहून उत्तरं देते. नियम असा की दार उघडं ठेवायचं. रस्त्यावरून जाणारा कोणीही आत येऊन बसू शकतो, प्रश्नसुद्धा विचारू शकतो. येत मात्र कुत्रं नाही. मग मैत्रिणी, मावश्या, चुलत सासरे असे जमवावे लागतात.

त्या मैत्रिणीने वटवाघळांवर काम केलं होतं. मी कचोरीची वाट बघत मागच्या रांगेत बसलो होतो. ती म्हणाली, वटवाघळं सतत बोलत असतात, पण इतक्या वरच्या पट्टीत की माणसाच्या कानाला ते पोचत नाही. मग तिने तो आवाज खाली आणून, संथ करून ऐकवला. हॉलभर चिवचिव, टिकटिक, मध्येच एखादी लांब हाक. एक पिल्लू आईला बोलावत होतं आणि आई उत्तर देत होती. आमच्या गच्चीवरून रोज संध्याकाळी वटवाघळं जातात. जन्मभर मी त्यांना मुकं समजत आलो होतो. माझ्या अंगावर काटा आला. बाहेर आलो तेव्हा कचोऱ्या संपल्या होत्या आणि मला त्याचं काही वाटलं नाही. बायकोला हे सांगितलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग मला नादच लागला. विद्यापीठाच्या नोटीस बोर्डावर व्हायव्याचे कागद लागतात, ते मी दर सोमवारी जाऊन वाचायला लागलो. विषय कोणताही असो, दार उघडं म्हणजे आपण आत. एका मुलाने दरबारच्या पागेतल्या घोड्यांच्या औषधांवर काम केलं होतं, सगळे कागद मोडी लिपीतले. आमचे खापरपणजोबा पागेत शिपाई होते असं घरात अभिमानाने सांगतात. त्या मुलाकडून कळलं की घोड्याला ताप आला तर तूप-गूळ मिळायचा आणि शिपायाला ताप आला तर सुट्टीही नाही. एका मुलीने सियागंजच्या बाजारातल्या गल्ल्यांत कितीतरी महिने उभं राहून पाहिलं होतं की समोरासमोर आलेल्या दोन हातगाड्यांपैकी मागे कोण सरतं. त्याचे नियम होते, भिया! भरलेली गाडी, रिकामी गाडी, चढ, उतार, म्हातारा हमाल, सगळ्याचा हिशेब त्या लोकांच्या मनात पक्का होता आणि कोणी कोणाला शिकवला नव्हता. मी त्या गल्लीतून हजारदा गेलो असेन. मला फक्त धक्के आठवतात.

एकाने वारंवार तापवलेल्या तेलात काय काय विष तयार होतं ते इतकं छान समजावलं की परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी उठून सराफ्यातल्या खाऊगल्लीतून मागवलेले गरम भजे खाल्ले. त्याने स्वतःही.

आणि गणिताचा तो मुलगा. विषय होता गाठी. दोरीच्या गाठी असतात तशाच, पण त्याच्या गाठी कागदावर आणि बहुतेक त्याच्या डोक्यात. दोन गाठी वरवर वेगळ्या दिसल्या तरी खरंतर एकच आहेत का, हे कसं ओळखायचं, एवढं मला कळलं. त्यानंतर तो फळ्यावर लिहीत गेला, पुसत गेला, पुन्हा लिहीत गेला आणि मला ओ की ठो कळलं नाही. पण शेवटची ओळ लिहून तो बाजूला झाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या ओळीत रडण्यासारखं काय होतं ते मला आजही माहीत नाही. पण जगात कुठेतरी असं काही सुंदर आहे जे या दोघांना दिसतंय आणि आपण त्याच्या शेजारी बसलोय, एवढ्यानेच माझा ऊर भरून आला.

कारखान्यात माझ्या स्टोअरला भिंतभर खण होते आणि कोणत्या खणात काय आहे ते मी झोपेत सांगितलं असतं. मला वाटायचं, दुनिया साधारण तेवढीच असेल. आता रोज एक नवा खण उघडत होता.

पांढरे केस, जाकीट आणि नियमित हजेरी यामुळे लोक मला 'सर' म्हणायला लागले. आणि मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. त्याचं असं आहे की हॉलमधून एक तरी प्रश्न यावा लागतो. प्रश्नच आला नाही तर बाहेरच्या परीक्षकांना वाटतं, कोणाला विषयात रसच नाही. म्हणून मार्गदर्शक, म्हणजे गाइड, एखाद्या भरवशाच्या माणसाच्या हातात आधीच प्रश्नाची चिठ्ठी देऊन ठेवतात. भरवशाचा माणूस मी झालो. माझा एक नियम होता. चिठ्ठी आधी वाचायची नाही, उभं राहूनच उघडायची. प्रश्न आधी कळला तर उत्तराची मजा जाते.

आता सुनेचं सांगतो. तिचा विषय माती. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. आमच्या जिन्याजवळच्या भिंतीला दरवर्षी एक तिरकी भेग पडते, दरवर्षी मी ती पुट्टीने बुजवतो आणि ती दरवर्षी परत येते. सुनेचं म्हणणं होतं की मातीत गव्हाचं भुसकट मिसळलं तर भेगा उथळ पडतील. शहराबाहेर विद्यापीठाच्या शेतावर तिला जमिनीचे दोन तुकडे दिले होते, एक भुसकट घातलेला, एक साधा. दोन्हींवर पाणी पडू द्यायचं नाही आणि उन्हाळाभर भेगा मोजायच्या. तिथे एक म्हातारे चौकीदार काका राहायचे. सून उन्हात काम करायची तेव्हा ते तिच्यासाठी माठातलं पाणी घेऊन उभे असायचे.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत भुसकटाने फरक पडला, पण अगदी थोडा. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र कमाल झाली. भुसकटाच्या तुकड्यात भेगा निम्म्यानेही उरल्या नाहीत. त्या दिवशी मी अर्धा किलो जिलेबी आणली आणि मुलाने पुण्यात घर बघायला घेतलं.

काही दिवसांनी ती शेतावरून आली आणि पायरीवरच बसून राहिली. बायकोने विचारलं, मी विचारलं. शेवटी म्हणाली, भुसकटाच्या तुकड्याच्या कोपऱ्यात हरळी हिरवीगार दिसली. ऐन मे महिन्यात, पाण्याशिवाय. तिने काकांना विचारलं, तर त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं की रोज दोन बादल्या ओतत होतो. तो तुकडा त्यांच्या खोलीजवळ होता. पुढे ते काय म्हणाले ते तिने त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

"बिटिया, धरती का मुँह खुला था. देखा नहीं गया."

तिने तो अख्खा उन्हाळा प्रबंधातून काढून टाकला. तिच्या गाइडसाहेबांनी सल्ला दिला की तिथे 'तांत्रिक कारणास्तव' एवढंच लिही, चौकीदार-बादलीचा विषय काढला तर परीक्षक बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतील, पुन्हा शेतावर पाठवतील. ते चुकीचं बोलत होते असं नाही. त्यांनी असे पुष्कळ परीक्षक पाहिले होते. तिने तसं लिहिलं. पण तेव्हापासून ती नीट झोपत नव्हती. पहाटे मी दूध आणायला उठायचो तर ती ओट्यापाशी उभी असायची. म्हणायची, "बाबा, मी खोटं नाही लिहिलं. पण खरंपण नाही लिहिलं." मी दूध तापवायला ठेवायचो.

तिच्या व्हायव्याच्या दिवशी माझी दोन ठिकाणी हजेरी होती. सकाळी भाषा विभागात एका मुलाचा व्हायवा होता. आमच्यासारख्या इंदूरच्या मराठी घरांत लोक कसं बोलतात, मराठीत हिंदी किती आणि कुठे मिसळतात, यावर त्याने घरोघर फिरून काम केलं होतं. त्याच्या गाइडबाईंनी मला चिठ्ठी दिली होती. पण परीक्षकांना गाडी गाठायची होती, हॉलमधला प्रश्न राहून गेला आणि चिठ्ठी जाकिटाच्या खिशात राहिली. दुपारी मातीच्या विभागात पोचलो तर गाइडसाहेबांनी दारातच दुसरी चिठ्ठी हातात दिली. ती मी त्याच खिशात टाकली.

बायको माझ्या शेजारी बसली होती, देवापुढे बसावी तशी. मुलगा रजा काढून आला होता. परीक्षक बारीक अंगाचे, कमी बोलणारे होते आणि ते सारखे एकाच पानावर येत होते. हा उन्हाळा रिकामा का? तांत्रिक कारण म्हणजे नेमकं कोणतं? सून म्हणाली, यंत्राची अडचण होती. हे म्हणताना तिने खाली पाहिलं. आमच्या घरात ती कधी खाली बघून बोललेली नाही. परीक्षकांनी पान उलटलं आणि ठीक आहे म्हणाले. पुढचं सगळं सुरळीत झालं. सुटलो, असं मला वाटलं.

मग गाइडसाहेब म्हणाले, हॉलमधून कोणाला प्रश्न आहे का, आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. सून समोर उभी होती. खिशात बोटाला लागली ती चिठ्ठी काढली, उघडली आणि नेहमीप्रमाणे एका दमात मोठ्याने वाचली.

"आपको जिन लोगों ने बताया, कहीं उन्होंने आपका मन रखने के लिए तो नहीं बताया? आपने ये कैसे परखा?"

वाचून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. हा प्रश्न सकाळचा. हा घराघरांत जाऊन लोकांचं बोलणं टिपणाऱ्या मुलासाठी होता. मागे कोणीतरी हसलं. गाइडसाहेबांचा चेहरा पडला. बायकोने माझं जाकीट खाली ओढलं आणि मी मटकन बसलो. मनात म्हटलं, कारखान्यात एवढी वर्षं एकदाही चुकीच्या खणातला बोल्ट दिला नाही, आणि तो आज दिला.

गाइडसाहेब घाईने म्हणाले की हा प्रश्न मातीला लागू नाही. परीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणाले, उत्तर ऐकू या.

सून माझ्याकडे बघत होती. मग तिने हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला.

"रखा था, सर," ती म्हणाली. "मेरा मन रखा था."

आणि तिने सगळं सांगितलं. दोन बादल्या, हिरवी हरळी, धरतीचं उघडं तोंड. ती म्हणाली की तो उन्हाळा तिच्या म्हणण्याच्या बाजूने इतका सुंदर आला होता की तिला शंका घ्यावीशीच वाटली नाही, आणि म्हणूनच ती आठवडाभर हरळीकडे बघूनही ती न दिसल्यासारखं करत राहिली. आकडे जेव्हा अगदी आपल्या मनासारखे येतात तेव्हाच ते जास्त तपासावे लागतात, हे तिला त्या कोपऱ्याने शिकवलं. यंत्राची अडचण नव्हती, असं ती स्पष्ट म्हणाली. "हे लिहायला हवं होतं, मी घाबरले." तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर नाही.

लोकांना प्रश्न विचारणारं शास्त्र वेगळं आणि मातीला विचारणारं वेगळं असं मी समजत होतो. दोघांची इमारत वेगळी, नोटीस बोर्ड वेगळा, नाश्ताही वेगळा. पण आतला प्रश्न एकच होता. मला खरं दिसतंय, की मला हवं ते? वटवाघळांच्या पोरीने हाच विचारला असणार, गाठींच्या मुलानेही. एवढ्या सगळ्या खणांच्या मागे भिंत एकच होती, आणि ती मला चुकून दिसली.

परीक्षकांनी विचारलं, त्या उन्हाळ्याचे आकडे फेकले का? ती म्हणाली, नाही, ठेवले आहेत. मग ते बराच वेळ काही लिहीत बसले. शेवटी त्यांनी सांगितलं की आज पदवीची शिफारस करता येणार नाही. तो उन्हाळा प्रबंधात आला पाहिजे, आणि येत्या उन्हाळ्यात तोच प्रकार मुद्दाम, मोजूनमापून करून पाहिला पाहिजे. लोक घराच्या पायाशी, भिंतीशी रोज दोन बादल्या ओततच असतात. त्याने काय होतं ते कोणी नीट मोजलेलं नाही. मग ते उठले आणि सुनेला वाकून नमस्कार केला. एवढ्या व्हायव्यांत मी परीक्षकाला उमेदवारापुढे वाकताना पाहिलं नव्हतं.

म्हणजे आणखी एक उन्हाळा. पुण्याचं घर राहिलं. मुलाने तिच्या हातातली पिशवी घेतली.

घरी आल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम विचारलंत ना? मला बोलता यावं म्हणून?"

हो म्हणायचा मोह फार झाला. मोठेपणा आयता समोर आला होता. पण दुपारपासून खऱ्याचाच विषय चालला होता. मी दोन्ही चिठ्ठ्या काढून तिच्या हातात दिल्या. तिची चिठ्ठी तिने वाचली, 'इस शोध से आम आदमी के मकान को क्या लाभ होगा?' मग दुसरी वाचली. मला वाटलं, रागावेल. ती हसायला लागली, हसता हसता रडली आणि मग आत जाऊन झोपली. संध्याकाळ झाली, रात्र पडली, ती उठली नाही. बायकोने त्या दिवशी कुकर लावला नाही. शिट्टीने ती जागी होईल म्हणून वरण पातेल्यात शिजवलं.

पुढच्या मे महिन्यात मी तिच्याबरोबर शेतावर गेलो. जमिनीचे आता चार तुकडे होते. चौकीदार काकांना रीतसर काम दिलेलं होतं. दोन तुकड्यांवर रोज दोन बादल्या, वेळेवर, मोजून. बाकीच्या दोन तुकड्यांवर थेंबही नाही. ते मोठ्या निष्ठेने पाणी ओतत होते. कोरड्या तुकड्यांकडे मात्र पाठ करून बसत. मला म्हणाले, "बिटिया ने कसम दी है, साहब. इधर देखूँगा तो हाथ चल जाएगा."

सून कोरड्या तुकड्यावर उकिडवी बसली होती. ऊन मी म्हणत होतं. मी भेगेत वाकून पाहिलं. आत काळोख होता. इतकी वर्षं मी लोकांच्या चिठ्ठ्यांवरचे प्रश्न विचारत आलो होतो. पहिल्यांदा माझा स्वतःचा विचारला.

"किती खोल जाते ही?"

तिने पिशवीतून एक बारीक, लवचीक तार काढली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुम्हीच बघा. मी तार सोडायला लागलो. वीतभर गेली, हातभर गेली. मला वाटलं, आता टेकेल. मी गुडघ्यावर बसलो, मग जमिनीवर पालथा झालो, खांद्यापर्यंत हात लांबवला. कान मातीला लागला होता. याच मातीवर आमचं घर उभं होतं, जिन्याची भिंत, हळदीचा डबा, सगळंच. आणि तार अजून खाली चालली होती, कुठेही अडत नव्हती.

"थांबू?" मी विचारलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आणखी सोडा."